ताकाचं आइस्क्रीम: करायचं कसं आणि विकायचं कितीला



या अंकातला पाठ माझ्या एका चुकीपासून सुरू करते.

गेल्या एप्रिलमध्ये महाळुंग्याच्या पलीकडच्या एका गावात बचत गटाची बैठक होती. हा गट साय साठवून लोणी काढतो, तूप कढवतो आणि कंपन्यांत कामाला आलेल्या, खोल्या करून राहणाऱ्या कुटुंबांना विकतो. तुपाला गिऱ्हाईक आहे. मागे राहतं ते ताक. आठवड्याला आठ-दहा लिटर. घरोघरी कढी होते, शेजारीपाजारी तांब्या भरून नेतात, उरलेलं जनावरांच्या आंबोणात जातं. "मॅडम, एवढ्या उन्हाळ्यात या ताकाचं काही करता येईल का?" असं सचिवताईंनी विचारलं. मी मोबाईलवर एक व्हिडिओ पाहिलेला होता. म्हटलं, "ताकाचं आइस्क्रीम करा. साखर घाला, वेलची घाला, फ्रिजरमध्ये ठेवा, झालं."

पुढच्या बैठकीला त्यांनी डबा माझ्यासमोर ठेवला. चमचा आत जाईना. उलथन्याने फोडलं तर आत बर्फाचे काटे. चव आंबट, साखर तळाशी. अध्यक्षताईंच्या नातवाने एक तुकडा तोंडात टाकला आणि म्हणाला, "हे तर गारेगार आहे!" सगळ्या हसल्या, मीही हसले. पण त्यात अर्धा किलो साखर गेली होती आणि ती गटाच्या पैशातली होती.

म्हणून नंतर आम्ही नीट बसून हे शिकलो. तीन वेळा केलं, तिसऱ्यांदा जमलं. ते इथे लिहिते आहे. पाठाचे दोन भाग आहेत. पहिला करण्याचा, दुसरा हिशोबाचा. दुसरा भाग वाचल्याशिवाय विकायला निघू नका.

पहिल्या वेळी का बिघडलं?

ताकात शंभर भागांतले नव्वदहून जास्त भाग पाणीच असतं. लोणी आपण आधीच काढून घेतलेलं असतं, म्हणजे स्निग्धांशही नाही. असं पाणी न हलवता हळूहळू गोठलं की त्याचे मोठे मोठे खडे होतात. आइस्क्रीम मऊ लागतं ते तीन गोष्टींमुळे: पाणी कमी, साय-साखर पुरेशी आणि गोठताना सतत हलवणं. हलवल्यामुळे बर्फाचे कण बारीक राहतात आणि आत थोडी हवा जाते. आम्ही यातलं काहीच केलं नव्हतं.

आणखी एक चूक दुसऱ्या वेळी झाली. आम्ही ताक आणि दूध एकत्र करून आटवायला ठेवलं. फाटलं. खरं तर हे प्रत्येकीला माहीत असतं. कढी फुटू नये म्हणून आपण ताकाला बेसन लावतो, मंद आचेवर ढवळत राहतो. आंबट ताक गरम दुधात पडलं की दूध फाटणारच. म्हणून नियम एकच: दूध वेगळं आटवायचं, पूर्ण गार करायचं आणि मग त्यात ताकाचा चक्का मिसळायचा. मिसळल्यानंतर पुन्हा विस्तवावर ठेवायचं नाही.

साहित्य (सुमारे 20 छोटे कप)

- ताजं, घट्ट ताक: 2 लिटर
- म्हशीचं दूध: 1 लिटर
- साखर: 250 ग्रॅम
- दुधाची पावडर: 50 ग्रॅम
- ताजी साय: 150 ग्रॅम
- नाचणीचं सत्त्व किंवा कॉर्नफ्लोअर: 1 मोठा चमचा
- वेलचीपूड, किंचित जायफळ, चिमूटभर मीठ
- पॉटभोवती लावायला बर्फ 8 किलो आणि जाडं मीठ 2 किलो

ताक त्याच दिवशी घुसळलेलं हवं. कालचं आंबट ताक कढीला ठेवा. घुसळताना पाणी घालायचं ते उकळून गार केलेलं. ताक स्टीलच्या, काचेच्या किंवा मातीच्या भांड्यात ठेवा. कल्हई नसलेल्या पितळेत किंवा तांब्यात ते कळकतं हे आजी सांगतात ते खरंच आहे. ॲल्युमिनियमही नको.

कृती

1. ताक झाकून फ्रीजमध्ये चार-पाच तास न हलवता ठेवा. फ्रीज नसेल तर पातेलं गार पाण्याच्या परातीत ठेवून वर ओलं फडकं टाका, पण मग दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका, आंबट होतं. वर पिवळसर निवळ येते. ती हलक्या हाताने दुसऱ्या भांड्यात काढा. फेकू नका, थालीपिठाचं पीठ भिजवायला किंवा आमटीत चालते.

2. खाली राहिलेलं दाट ताक स्वच्छ, उकळून वाळवलेल्या सुती पंचात ओता. ताकाचा कण दह्यापेक्षा बारीक असतो, म्हणून पंचा चार पदरी घ्या. श्रीखंडाला बांधतो तसं बांधून गार जागी दोन-तीन तास टांगा. साधारण 300 ग्रॅम चक्का मिळतो. ताकात पाणी जास्त घातलं असेल तर कमी मिळेल.

3. तोवर दूध उकळा. चार चमचे गार दूध आधीच बाजूला काढून त्यात सत्त्व कालवून ठेवा. दूध आटून पाऊण लिटरच्याही खाली आलं की साखर आणि दुधाची पावडर घाला. पावडरही थोड्या दुधात कालवून घाला, नाहीतर गुठळ्या होतात. शेवटी सत्त्व घालून पाच मिनिटं ढवळत शिजवा. कच्चं राहिलं तर आइस्क्रीमला पिठाची चव येते.

4. हे मिश्रण पूर्ण गार करा, शक्य तर फ्रीजमध्ये. कोमट असताना पुढे जाऊ नका.

5. चक्का, साय आणि चिमूटभर मीठ रवीने किंवा मिक्सरमध्ये एकजीव करा. जास्त वेळ फिरवू नका, सायीचं लोणी होईल. हे गार दुधात मिसळा, गाळून घ्या, वेलची-जायफळ घाला. चाखून पाहा. गोठल्यावर गोडी कमी लागते, म्हणून आत्ता थोडं जास्त गोड वाटायला हवं.

आंब्याचा रस घालायचा असेल तर एक वाटी घ्या आणि साखर थोडी कमी करा. गूळ वापरायचा असेल तर गरम दुधात घालू नका, दूध फाटतं. गुळाचा पाक करून, गाळून, गार करून शेवटी घाला.

पॉट फिरवणं

पुण्यात पॉट आइस्क्रीम आजही आवडीने खातात. पूर्वी उन्हाळ्याच्या सुट्टीत लाकडी पॉट भाड्याने आणून घरातली सगळी पोरं आळीपाळीने दांडा फिरवायची. हा हाताने फिरवायचा पॉट अमेरिकेत नॅन्सी जॉन्सन नावाच्या एका बाईने तयार केला आणि 1843 साली त्याचं पेटंट घेतलं. पौणेदोनशेहून जास्त वर्षं झाली, तरी तो वीज नसताना चालतो. आपल्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नसतो, तेव्हा हा गुण लहान नाही.

पॉट नसेल तर घट्ट झाकणाची, कडीची स्टीलची किटली आणि मोठी बादली घ्या. किटली अर्धी-पाऊणच भरा, आइस्क्रीम फुगतं. बादलीच्या तळाशी फोडलेला बर्फ, त्यावर मूठभर मीठ, मधोमध किटली, मग भोवती बर्फ आणि मीठ असे थर. प्रमाण वजनाने तीन-चार भाग बर्फाला एक भाग मीठ.

मीठ कशाला, असं एका ताईंनी विचारलं. साखर घातलेलं दूध शून्य अंशाला गोठत नाही, त्याला त्याहून जास्त थंडी लागते. नुसता बर्फ तेवढी थंडी देत नाही. मीठ लागलं की बर्फ भराभर वितळतो आणि वितळायला लागणारी उष्णता किटलीतून ओढून घेतो. मिठाच्या बर्फाची थंडी शून्याखाली 15 अंशांच्या आसपास जाते. म्हणून त्यात उघडा हात घालू नका, कातडी भाजल्यासारखी होते.

कडी धरून किटली डावी-उजवी फिरवत राहा. दर दहा मिनिटांनी झाकण पुसून उघडा, कडेला धरलेला थर उलथन्याने खरवडून मध्ये आणा. तीस-चाळीस मिनिटांत दाट होतं. मग पाणी काढून नवा बर्फ-मीठ भरा, वर गोणपाट टाका आणि दीड-दोन तास हलवू नका. गोळा निघेल इतकं घट्ट होतं. लगेच खायचं किंवा विकायचं.

मिठाचं पाणी शेतात किंवा झाडाच्या मुळाशी ओतू नका.

बर्फ बघून घ्या

इथे मी जरा कडक बोलणार आहे. बाहेरून आणलेला बर्फ कुठल्या पाण्याचा आहे ते आपल्याला माहीत नसतं. 2018 पासून खाण्यासाठी नसलेल्या बर्फाला निळसर रंग घालण्याचा नियम आहे. निळा बर्फ फक्त भांड्याच्या बाहेर. पांढरा असला तरी तो आइस्क्रीममध्ये किंवा सरबतात टाकायचा नाही. किटलीच्या झाकणापर्यंत बर्फाचं पाणी चढू देऊ नका. आत खारट चव आली, तर बाहेरचं पाणी आत गेलं असं समजा आणि ते सगळं टाकून द्या. जीव हळहळतो, पण टाका.

2025 च्या जानेवारीत पुण्यात जीबीएसचे रुग्ण वाढले होते आणि पाणी उकळून प्या असं घरोघरी सांगितलं जात होतं, ते आपल्याला आठवत असेल. थंडीने जंतू मरत नाहीत, नुसते निजून राहतात. म्हणून दूध उकळलेलं, पाणी उकळलेलं, पंचा उकळलेला, हात साबणाने धुतलेले. ज्या ताईला जुलाब किंवा ताप असेल तिने त्या दिवशी हिशोबाचं काम घ्यावं, भांड्याजवळ येऊ नये. वितळलेलं आइस्क्रीम पुन्हा गोठवून विकायचं नाही.

आता हिशोब

तिसऱ्या वेळी आइस्क्रीम छान झालं. गटाने 20 कप 20 रुपयांना विकले, 400 रुपये आले. ताईंनी खर्च मांडला: दूध 70, साखर 11, पावडर 20, सत्त्व-वेलची 10, बर्फ 64, मीठ 24, गॅस 20, कप-चमचे 40. एकूण 259. "मॅडम, 141 रुपये नफा!" सगळ्या खूश.

मी म्हटलं, ताक आणि साय कुठे आहे यात? "ते तर घरचंच आहे." घरचं असलं तरी फुकट नाही. ताकाचे 30 आणि सायीचे 45 धरले. खर्च 334 झाला, उरले 66.

मग विचारलं, किती जणी किती वेळ राबल्या? दोघी, दोन-दोन तास. म्हणजे चार तास. 66 रुपये भागिले चार. तासाला साडेसोळा रुपये. कुणी काही बोललं नाही. त्यातल्या एक ताई आठवड्यातून तीन दिवस कॅन्टीनमध्ये पोळ्या लाटायला जातात. त्या म्हणाल्या, "एवढ्या पैशात मी कुणाच्या दारात उभी राहणार नाही. आणि स्वतःच्याच गटात राहते आहे."

ताकाला जाऊन भांडं लपवू नये म्हणतात, ते इथे लागू आहे. आपल्याला पैसे कमवायचे आहेत, तर मजुरी उघडपणे मांडायची. तासाला 60 रुपये धरले तर चार तासांचे 240. एकूण खर्च 574. एका कपाला जवळपास 29 रुपये पडले आणि आपण विकला 20 ला. म्हणजे प्रत्येक कपामागे नऊ रुपये आपणच घातले.

मग एकाच दिवशी दोन घाणे काढले तर काय होईल ते मांडलं. साहित्य दुप्पट, 372. कप 80. गॅस 30. पण बर्फ-मीठ दुप्पट लागत नाही, दीडपटच लागतं: 96 आणि 36. वेळही दुप्पट नाही, दोघींचे तीन-तीन तास, म्हणजे 360. एकूण 974 रुपयांत 40 कप, कपाला साडेचोवीसच्या आत. 30 ला विकला तर मजुरी निघून गटाला 226 रुपये उरतात. 25 ला विकला तर 26 रुपये. आणि 25 च्या भावात दोन कप जरी वितळले, तरी नफा शून्याखाली.

हे भाव त्या दिवशीचे, त्या गावचे आहेत. तुमच्याकडे दूध, बर्फ वेगळ्या भावाने मिळेल. आकडे बदला, रकाने बदलू नका. मजुरीचा रकाना तर कधीच खोडू नका.

फ्रीझर घ्यायचा का?

आइस्क्रीम जमल्याबरोबर गटात ठराव आला की कर्ज काढून डीप फ्रीझर घ्यायचा. अध्यक्षताईंनी दुकानात भावही काढून आणला होता. 20,000 रुपयांचा धरला, महिना 1 टक्का व्याज, 20 हप्ते. पहिला हप्ता 1,000 मुद्दल अधिक 200 व्याज, 1,200 रुपये. वीजबिल वेगळं. दोन घाण्यांच्या एका दिवसाला 226 उरतात, तर नुसत्या पहिल्या हप्त्यासाठी महिन्यात सहा दिवस 40-40 कप, पूर्ण 30 च्या भावाने खपायला हवेत. पावसाळ्यातही, थंडीतही.

बैठकीत दोन गट पडले. तरण्या ताई म्हणत होत्या, धाडस केल्याशिवाय धंदा होत नाही. त्यांचं चूक नव्हतं. एका काकूंनी मागे शिलाई मशीनच्या कर्जाचे हप्ते मजुरी करून फेडले होते. त्या म्हणाल्या, "दुधाने तोंड पोळलंय माझं, मी ताक फुंकूनच पिणार." शेवटी ठरलं असं: आधी आठ वेळा फ्रीझरशिवाय, आगाऊ मागणी घेऊन विकायचं. आठही वेळचा हिशोब वहीत. आठपैकी सहा वेळा मजुरी निघून पैसे उरले, तरच ठराव पुन्हा ठेवायचा. हा पाठ लिहिते आहे तोवर पाच वेळा झालं आहे. तीनदा उरले, एकदा बरोबरी झाली, एकदा अचानक वळीव आला आणि 11 कप घरच्या पोरांनी खाल्ले. निकाल लागायचा आहे.

विकताना

- मागणी आधी घ्या: वाढदिवस, बारसं, गावची यात्रा, शाळेचं स्नेहसंमेलन. रस्त्यावर गिऱ्हाइकाची वाट बघत उभं राहण्यापेक्षा हे बरं.
- चाकणच्या शनिवारच्या बाजारात किंवा कंपनीची पाळी सुटताना विकायचं असेल तर वाटेतल्या वाहतूक कोंडीचा वेळ धरा. पॉट बर्फ-मिठात गच्च भरूनच न्या.
- पिंपरी-चिंचवड महापालिका बचत गटांसाठी पवनाथडी जत्रा भरवते. शहरातल्या गटांनी तिची चौकशी वेळेत करा.
- अन्न विकायचं तर 2006 च्या अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंदणी लागते. छोट्या उद्योगाला साधी नोंदणी असते, तिचा 14 आकडी क्रमांक मिळतो. अर्ज भरायला मी मदत करेन.
- फलकावर काय लिहायचं ते विचारून लिहा. नियमाप्रमाणे साध्या आइस्क्रीममध्ये दुधाचा स्निग्धांश किमान 10 टक्के हवा. कमी स्निग्धांशाचे प्रकार वेगळ्या नावाने विकले जातात. आपलं त्यातच बसण्याची शक्यता जास्त आहे. तपासणी करून घेऊ, मग छापू.
- ताकाचं आहे म्हणून औषधी आहे असं सांगू नका. एका कपात साधारण साडेबारा ग्रॅम साखर आहे. साखरेचा त्रास असलेल्या गिऱ्हाइकाला तसं सांगा.

एक गोष्ट गटातल्या आजींनी सांगितली आणि ती ठरावात घातली आहे. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे गावात ताक कधी विकत देत नाहीत, मागायला आलेल्याचा तांब्या रिकामा पाठवत नाहीत. "आइस्क्रीम विका, पण शेजारणीला ताक नाही म्हणू नका." म्हणून आता घुसळण झाली की आधी तांबे भरले जातात, उरलेलं पंचात बांधलं जातं. त्या दिवशी ताक कमी उरलं तर घाणा एकच निघतो. हिशोबाच्या वहीत त्यासाठी रकाना नाही आणि तो करावा असं कुणाला वाटलंही नाही.

पुढच्या बैठकीत बोलण्यासाठी

1. आपल्या गटाच्या कुठल्या वस्तूत आपण मजुरी धरत नाही? या बैठकीत ती धरून हिशोब पुन्हा मांडा.
2. "घरचंच आहे" म्हणून आपण काय काय फुकट धरतो? दूध, सरपण, वीज, जागा, सासूबाईंची मदत?
3. एखाद्या यंत्रासाठी कर्ज घ्यायचं असेल तर त्याआधी ते काम यंत्राशिवाय किती वेळा करून बघायचं, हे गटाने ठरवून ठराव लिहा.

ज्या गटांना करून बघायचं आहे त्यांनी प्रभागसंघाच्या मासिक सभेत नाव द्या. पॉट एकच आहे, आळीपाळीने मिळेल. बर्फ आणि मीठ ज्याचं त्याने आणायचं. आणि यावेळी मी व्हिडिओ बघून नाही, दांडा फिरवायला येईन.

तुमची,
क्षेत्र समन्वयक